द्विपंखी विमानाचा गृहोद्योग

विमानविद्येच्या इतिहासाकडे पाहण्याची जी रूढ दृष्टी आहे, तीत आधी मोठे विमान आणि मागाहून त्याची लहान प्रतिकृती, असा क्रम गृहीत धरलेला असतो. आणि म्हणूनच घरातल्या एखाद्या खोलीत टेबलावर आराखडा पसरून बाल्साच्या काड्यांतून दोन पंखांचे विमान उभारणाऱ्या, त्यात बिनतारी ग्राहकयंत्र बसविणाऱ्या आणि ते मोकळ्या माळावर नेऊन उडविणाऱ्या हौशी माणसाची गणना आपण नक्कल करणारांत करून मोकळे होतो. हा क्रम इतिहासाला मान्य नाही. विमानांच्या घराण्यात वडीलकीचा मान लहान विमानाकडे जातो, आणि दुरून हुकूम घेणाऱ्या विमानाच्या बाबतीतही निम्मे श्रेय घरगुती टेबलाकडे जाते, असे माझे मत आहे व ते साधार मांडता येते.

यॉर्कशर परगण्यातील जमीनदार सर जॉर्ज केली यांनी 1804 साली एका लाकडी दांड्यावर कागदी पतंग सहा अंशांच्या कोनात बसवून, मागे हलविता येण्याजोगे शेपूट आणि पुढे सरकविता येण्याजोगे वजन लावून जे लहानसे तरते विमान सिद्ध केले, त्यात स्थिर पंख, त्याहून पृथक् असे शेपूट आणि गुरुत्वमध्य योग्य जागी आणण्याची तजवीज, ही पुढील सर्व विमानांची अंगे बीजरूपाने आढळतात. माणसाला घेऊन तरंगणारे त्यांचे यंत्र त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने आले. पुढे 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात आल्फाँस पेनो या एकवीस वर्षांच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे, हातभर लांबीचे एक विमान जाणकारांच्या समक्ष सोडले. ते 11 सेकंद हवेत राहिले आणि त्याने सुमारे 40 मीटर अंतर तोडले. शेपटाचा कोन मुख्य पंखाच्या मानाने किंचित उणा ठेवला म्हणजे डोलणारे विमान आपले आपण सावरते, हे मर्म पेनोने त्या चिमुकल्या यंत्रात प्रत्यक्ष उतरविले होते, आणि आजही लहानमोठ्या विमानांचे स्थैर्य ज्या तत्त्वावर उभे आहे ते हेच. मोठ्या विमानाच्या त्याच्या योजनेला मात्र कोणी द्रव्य पुरविले नाही; वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट करून घेतला. परंतु त्याने प्रचारात आणलेले रबराच्या पिळाचे उडते खेळणे अमेरिकेत पोहोचले होते, आणि 1878 साली मिल्टन राइट या धर्मोपदेशकाने प्रवासातून परतताना तसलेच एक खेळणे आपल्या विल्बर व ऑर्व्हिल या दोन मुलांसाठी आणले. ते मोडल्यावर त्या मुलांनी स्वतः तसली खेळणी करून पाहिली, आणि विमानाविषयीच्या आपल्या आस्थेचा उगम त्यांनी पुढे त्या खेळण्याशीच नेऊन भिडविला.

एकावर एक असे दोन पंख खांब-तारांनी जखडण्याची कल्पना मात्र खेळण्यातून आली नाही. ती आली पूल बांधणाऱ्या माणसाकडून. ऑक्टेव्ह शनूट हे अमेरिकेतील नामांकित स्थापत्य अभियंते. कॅन्सस सिटी येथे मिसूरी नदीवर 1869 साली झालेला रेल्वेचा पूल त्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला होता. उतारवयात विमानविद्येकडे वळल्यावर त्यांनी 1896 च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर जे तरते विमान आपल्या सहकाऱ्यांकडून उडवून घेतले, त्यातील दोन पंख उभ्या खांबांनी आणि तिरक्या ताण-तारांनी परस्परांशी अशा रीतीने जखडलेले होते, की लोखंडी पुलाची कैची आडवी करून तिच्यावर कापड ताणले आहे असे वाटावे. त्या काळाजवळ ना पुरेसे बळकट व हलके धातू होते, ना जाड पंखाचे गुण कोणाला कळले होते. पातळ पंख एकटा ठेवला तर वाकून मोडणार, म्हणून त्याला जोडीदार द्यावयाचा आणि दोघांमध्ये खांब व तारा घालून एक खोल, चौकोनी, पोकळ तुळई निर्माण करावयाची, हा विचार इतका निर्दोष होता, की राइट बंधूंनी तो स्वीकारला आणि 17 डिसेंबर 1903 रोजी पहिल्या प्रयत्नात 12 सेकंद उडालेले त्यांचे विमान द्विपंखी निघाले. त्यानंतरची सुमारे तीस वर्षे आकाशावर या आकृतीचाच अंमल होता.

त्या तीस वर्षांत एक अभिनव कसब जन्माला आले, भरभराटीस चढले आणि लयाला गेले. त्याची हकीकत थोड्या विस्ताराने सांगावी असे मला वाटते, कारण आज जो मनुष्य घरी द्विपंखी विमान बांधतो तो याच कसबाचा वारसदार होय. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या तुळया व खांब प्रामुख्याने स्प्रूसच्या लाकडाचे असत. हे लाकूड वजनाच्या मानाने इतके बळकट, की त्याच्या पुरवठ्यासाठी अमेरिकी सैन्याने 1917 साली वायव्येकडील ऑरेगन व वॉशिंग्टनच्या अरण्यांत सैनिकांची स्वतंत्र तुकडीच नेमली. पंखांवर चढे ते आयर्लंडमधील तागाचे कापड. ते शिवून, फासळ्यांना टाक्यांनी बांधून, त्यावर डोप नावाच्या द्रावणाचे हात देत, म्हणजे कापड आक्रसून ढोलकीच्या पुडीसारखे ताणले जाई. हे काम बहुतांशी स्त्रियांकडे असे, आणि आरंभी या द्रावणात घालण्यात येणाऱ्या टेट्राक्लोरोइथेन या विषारी द्रव्याच्या वाफेने कित्येक कामगार स्त्रियांना कावीळ होऊन त्यांतल्या काही दगावल्या. ब्रिटनमध्ये ते द्रव्य बंद व्हायला 1916 साल उजाडावे लागले. युद्धकथांतून वैमानिकांची नावे अजरामर झाली, त्यांचे पंख ताणून देणाऱ्या या स्त्रियांची नावे कोणत्या दप्तरात असतील ती असोत. पण या उद्योगाचा इतिहास लिहिताना त्यांना वगळणे मला अन्यायाचे वाटते.

विमान तयार झाल्यावर ते ‘रिगर’च्या स्वाधीन होई. ब्रिटिश वायुदलात इंजिन सांभाळणारा निराळा आणि सांगाडा सांभाळणारा निराळा. या दुसऱ्याची हत्यारे म्हणजे ओळंबा, पाणसळ, सरळ पट्टी, कोन मोजण्याची फळी आणि दोरी. वरच्या पंखाची पुढली कड खालच्या पंखाच्या किती पुढे यावी, दोन्ही पंखांचे कोन परस्परांशी कसे असावेत, पंखांची टोके किती उचललेली असावीत, हे सर्व तो तारांची फिरकी अर्धा-पाव आटा फिरवून साधी. एक तार कमी ताणलेली राहिली तर विमान उडताना एका अंगाला झुके, आणि जास्त ताणली तर दुसऱ्या बाजूची ढिली पडे. म्हणजे एका तारेला हात लावला की सगळ्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागे. हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि बोटांत अधिक होते.

1930 नंतरच्या दशकात ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे, एका पंखाचे, सफाईदार देहाचे विमान आले, आणि खांब-तारांनी हवेला होणारा अडथळा कोणालाच परवडेनासा झाला. ब्रिटिश वायुदलाचे शेवटचे द्विपंखी लढाऊ विमान ग्लॉस्टर ग्लॅडिएटर 1937 साली सेवेत दाखल झाले, ते दाखल होतानाच कालबाह्य होते. शिकाऊ वैमानिकांचे टायगर मॉथ तेवढे राहिले, आणि आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतूनही त्याने पुष्कळ वर्षे सेवा केली.

विलक्षण गोष्ट अशी, की द्विपंखी विमानाचा मुख्य दरबारातून निरोप घेण्याचा आणि बिनतारी नियंत्रणाने विमानावर हुकमत गाजविण्याचा मुहूर्त एकच निघाला. दुरून यंत्राला आज्ञा देण्याची कल्पना तशी जुनी; निकोला टेस्ला यांनी 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत्‌ प्रदर्शनात पाण्याच्या टाकीत एक लहान नौका बिनतारी लहरींनी चालवून दाखविली होती व तिचे पेटंटही घेतले होते. लक्षात घेण्याजोगे हे, की टेस्लांचे यंत्रही प्रतिकृतीच्याच मापाचे होते. परंतु नौका आणि विमान यांत फरक असा, की आज्ञा पोहोचण्यास क्षणाचा विलंब झाला तर नौका वाट पाहू शकते, विमान पाहू शकत नाही. 1935 साली डी हॅव्हिलँड कंपनीने तोफखान्याच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ नावाचे जे विमान सिद्ध केले, ते टायगर मॉथच्याच पंखांचे, पण लाकडी देहाचे द्विपंखी विमान होते. जमिनीवरचा चालक दूरध्वनीवर असते तसली आकड्यांची तबकडी फिरवी, आणि प्रत्येक आकड्याला डावीकडे, उजवीकडे, वर, खाली अशी एकेक आज्ञा नेमून दिलेली असे. अशी सुमारे चारशे विमाने तयार झाली आणि त्यांतली पुष्कळशी तोफांच्या तोंडी गेली.

सरकारी खात्याजवळ पैसा होता, कारखाना होता, मनुष्यबळ होते. त्याच वर्षांत यांपैकी काहीही जवळ नसलेली माणसे घरी बसून त्याच प्रश्नाशी झुंजत होती. अमेरिकेतील हौशी बिनतारीवाल्यांच्या संघटनेत काम करणारे मूळचे ऑस्ट्रेलियन रॉस हल आणि क्लिंटन डिसोटो यांनी 1937 साली कनेटिकटमध्ये बिनतारी आज्ञेवर वळणारी तरती विमाने उडविली. आणि त्याच वर्षी मिशिगनमधील कॅलमझू गावच्या वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी आठ फूट पंखविस्ताराचे आपले ‘गफ’ नावाचे इंजिनवर चालणारे विमान आकाशात फिरवून आणले. एका भावाला विमाने बांधण्याचा नाद, दुसऱ्याला बिनतारीचा. आणि हा योगायोग या छंदाच्या सबंध इतिहासाचे सूत्रच आहे, कारण सुताराचे कसब आणि विजेचे ज्ञान एकत्र आल्याशिवाय असले विमान जमिनीवरून उठत नाही. 1937 मध्येच डेट्रॉइट येथील राष्ट्रीय स्पर्धेत बिनतारी विमानांचा विभाग प्रथम ठेवण्यात आला आणि चेस्टर लान्झो याने तो जिंकला. गुड बंधूंचे ते विमान, राइट बंधूंचे विमान ज्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, त्याच्याच संग्रहात जमा झाले, आणि तो मान यथायोग्य आहे.

घरगुती छंदातून कारखाना कसा उभा राहतो याचे उदाहरण हॉलिवुडने दिले. रेजिनाल्ड डेनी हे चित्रपटसृष्टीतील नावाजलेले ब्रिटिश नट, पहिल्या महायुद्धात स्वतः वायुदलात राहिलेले. विमान-प्रतिकृतींच्या नादाने त्यांनी हॉलिवुड बुलेव्हार्डवर छंदाच्या सामानाचे दुकान घातले, आणि तेथून पुढे जाऊन ‘रेडिओप्लेन’ कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने सरावाची जवळजवळ 15,000 चालकरहित विमाने सैन्याला पुरविली. 1945 साली सैन्याच्या एका छायाचित्रकाराने त्या कारखान्यातील कामगार मुलींची छायाचित्रे घेतली, त्यांत नॉर्मा जीन नावाची एक मुलगी होती. तिलाच पुढे जगाने मेरिलिन मन्‍रो म्हणून ओळखले.

आता घरगुती यंत्रणेचा अंतर्भाग जरा जवळून पाहू. आरंभीच्या विमानात ग्राहकयंत्राला एकच गोष्ट समजे: लहर आली किंवा लहर गेली. 1938 साली रेथिऑन कंपनीने खास या कामासाठी वायूभरित नळीचा एक चिमुकला व्हॉल्व्ह काढला, त्यामुळे ग्राहकयंत्राचे वजन पुष्कळ उतरले. लहर आली म्हणजे व्हॉल्व्हमधील प्रवाह बदले, त्याने रिलेची लोखंडी जीभ खेचली जाई, आणि ती जीभ एका दातेरी चाकाला एक पाऊल पुढे जाऊ देई. हे चाक फिरविण्याची शक्ती कोठून आणावी? विमानाच्या पोटात लांबवर ताणून पीळ दिलेल्या रबराच्या पट्टीतून. म्हणजे पेनोने 1871 साली ज्या रबराने पंखा फिरविला, त्याच रबराने सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी सुकाणू फिरविले! चालकाच्या हाती एकच बटन असे. एकदा दाबले की सुकाणू उजवीकडे, सोडले की मध्ये, पुन्हा दाबले की डावीकडे. आपण शेवटी कोठे वळलो होतो हे चालकाने स्मरणात ठेवावयाचे, आणि विसरला तर विमान त्याला भलत्या दिशेने वळून त्याची आठवण करून देई. वेग, उंची, तोल यांपैकी काहीच हाती नसल्याने विमानाने स्वतःहून सरळ उडावे अशीच त्याची बांधणी करावी लागे. उंच बसविलेला, टोके वर उचललेला एकच पंख त्या कामी उत्तम. शिवाय व्हॉल्व्ह पेटविण्याची एक आणि उच्च दाबाची दुसरी, अशा दोन बॅटऱ्यांचा भार. द्विपंखी विमान अशा अर्धवट आज्ञांवर खुशीने उडणारे नव्हे. त्याला सुकाणू, शेपटाचे आडवे पाते, पंखांवरची एलेरॉन नावाची हलती पाती आणि इंजिन हे सर्व एकाच वेळी, आणि हवे तितकेच, हलवावे लागते.

हवे तितकेच हलविण्याची ही विद्या 1960 नंतर साध्य झाली. ट्रान्झिस्टरमुळे यंत्रे हलकी झाली होतीच. अमेरिकेतील डग स्प्रेंग आणि डॉन मॅथेस यांनी अंकीय स्पंदांची जी पद्धत बसविली ती आजतागायत मूलतः चालू आहे. सेकंदातून सुमारे 50 वेळा प्रत्येक सर्व्होला, म्हणजे पाती हलविणाऱ्या चिमुकल्या यंत्राला, एक स्पंद पाठवावयाचा. स्पंदाची लांबी सेकंदाचा हजारावा भाग असली तर दांडी एका टोकाला, दोन हजारांश असली तर दुसऱ्या टोकाला, आणि दीड हजारांश असली तर मध्यभागी. सर्व्होच्या आतील लहान मोटर आपल्या दांडीची जागा स्वतःच मोजते व स्पंदाशी ताडून पाहते. चालकाचा अंगठा जितका सरकेल तितकाच पंख कलेल, हे आता साधू लागले, आणि वीस-पंचवीस वर्षे अडगळीत पडलेल्या कॅमल, एसई-5, टायगर मॉथ या द्विपंखी विमानांचे आराखडे हौशी कारागिरांनी पुन्हा टेबलावर पसरले.

ही पुनर्भेट वाटते तितकी सोपी नसते. 1935 च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ब्रिटनमधील ‘एरोमॉडेलर’सारख्या मासिकांनी जे आराखडे छापून घरोघर पोहोचविले, त्यांवरून काम करणारा मनुष्य प्रथम लाकूड निवडतो. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतले, मुख्यतः एक्वादोरचे, त्वरित वाढणारे झाड. पण एकाच झाडाच्या दोन फळ्यांच्या वजनात दुपटीचा फरक पडू शकतो, म्हणून जाणकार प्रत्येक फळी तळहातावर तोलून, उजेडाकडे धरून तिच्या रेषा पाहतो. चट्टेरी, ठिपकेदार रेषेची ताठ फळी फासळ्यांसाठी. सरळ रेषेची लवचीक फळी देहाच्या वळणावर वाकवून बसविण्यासाठी. तुळईसाठी जड व सरळ धाग्याची. फासळ्या एकेक कापीत नाहीत: दोन प्लायवूडच्या साच्यांमध्ये बाल्साचे तुकडे घट्ट आवळून सर्वांवर एकदम कानस आणि पॉलिश कागद चालवितात, म्हणजे सगळ्या एकमेकींशी जुळतात. द्विपंखी विमानाला हे दुहेरी करावे लागते. चार पंखार्धे, आणि चारांतला एक जरी पिळवटला तर उरलेल्या तिघांची सचोटी व्यर्थ.

आराखड्यावर पारदर्शक कागद पसरून, टाचण्यांनी काड्या जागच्या जागी खिळवून, सांगाडा चिकटविला की त्यावर जपानी पातळ कागद किंवा रेशीम चढते. कागदावर पाण्याचा हलका फवारा मारला की तो वाळताना ताणला जातो, मग डोपचे पातळ हात. आणि हे वाळेपर्यंत पंख सपाट फळीवर वजनाखाली ठेवावा लागतो, नाहीतर ताणाच्या ओढीने तो स्वतःला पीळ घालून घेतो. युद्धकाळातील त्या कारखान्यांत घडे तेच येथे घडते, प्रमाण तेवढे निराळे. वरचा पंख देहावर तोलून धरणारे मधले खांब बहुधा पोलादी तारेचे असतात. जोडावर तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळून मग डाग देतात, कारण नुसत्या डागावर विसंबले तर पहिल्याच आदळआपटीत तो उकलतो. त्यानंतर रिगरचे काम. शेपटाच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरी धरून अंतरे सारखी करावयाची, वरच्या व खालच्या पंखाचे कोन मोजावयाचे, ताण-तारा आवळावयाच्या. यांतला अर्धा अंश दृष्टीला जाणवत नाही, पण हवेला जाणवतो.

शेवटची अडचण वजनाच्या तोलाची, आणि ती थेट इतिहासातून आलेली. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांत वर्तुळात मांडलेल्या सिलिंडरांचे जड फिरते इंजिन नाकाशी असे, म्हणून त्यांचे नाक आखूड ठेवलेले असे. लहान विमानात इंजिन त्या मानाने हलके आणि शेपटाकडची लाकडे, चिकटद्रव्य व रंग त्या मानाने भारी. परिणामी गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि मागे सरकलेल्या गुरुत्वमध्याचे विमान कोणालाही आवरत नाही. म्हणून इतक्या कष्टाने ग्रॅम-ग्रॅम वाचवून झाल्यावर नाकात शिसे भरावे लागते. उडतानाही या विमानाचे शील वेगळे: दोन पंख, खांब, तारा यांनी हवा अडते, इंजिन थांबताच वेग झपाट्याने उतरतो, म्हणून तत्क्षणी नाक खाली करून वेग राखावा लागतो, आणि वळताना नुसते एलेरॉन दिले तर नाक उलट बाजूला ओढले जाते, म्हणून सुकाणूही बरोबर द्यावे लागते. एकपंखी विमानावर ज्यांचा हात बसला आहे त्यांना हे सर्व नव्याने शिकावे लागते. 1917 च्या शिकाऊ वैमानिकालाही हेच धडे शिकावे लागले होते, फक्त त्याला चुकण्याची मुभा नव्हती.

या दोन काळांना जोडणारा आणखी एक दुवा आपल्या परिचयाचा आहे, तो एरंडेलाचा. पहिल्या महायुद्धातील फिरत्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेलच लागे, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि प्रखर उष्णतेतही धातूवर टिकते. त्याच्या धुराने वैमानिकांचे कपडे माखून जात. 1947 साली रे आर्डन याने प्लॅटिनमच्या वेटोळ्याचा तापणारा प्लग बाजारात आणला, त्यामुळे लहान इंजिनांतून ठिणगीची जड साधने गेली. आणि या इंजिनांच्या मिथेनॉलमध्ये मिसळावयास पुन्हा एरंडेलच उपयोगी पडले. एरंडीच्या उत्पादनात आपला देश जगात पहिला आहे, म्हणजे या परदेशी छंदाच्या धुरात आपल्या मातीचा अंश असण्याचा संभव पुष्कळ.

बिनतारी लहरी ही सामाईक मालमत्ता असल्याने तिचा बंदोबस्त सरकारला करावा लागला आणि मैदानावर चालकांना आपसांत करावा लागला. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये 1950 च्या दशकात 27 मेगाहर्ट्‌झच्या आसपासची लहर परीक्षेवाचून मिळणाऱ्या परवान्यावर मोकळी झाली, आणि हा छंद बिनतारी तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर पडला. परंतु एकाच लहरीवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केला तर दोन्ही विमाने कोसळणार. म्हणून प्रत्येक मैदानावर एक फळी असे, तिच्यावर लहरींचे क्रमांक लिहिलेले कपड्यांचे लाकडी चिमटे लावलेले असत, आणि ज्याच्या आकाशतारेवर त्या क्रमांकाचा चिमटा आहे त्यानेच यंत्र सुरू करावयाचे, हा अलिखित कायदा. पन्नास-साठ वर्षे लक्षावधी रुपयांची विमाने कपड्यांच्या चिमट्याच्या भरवशावर उडाली, आणि परस्परविश्वासावर चालणारी याहून स्वच्छ व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. 2005 च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्‌झची, आपली जागा आपण शोधणारी यंत्रे आली आणि चिमट्याचा अंमल संपला.

या कसबाची पोच किती दूर गेली याचा एक दाखला येथे द्यावयास हवा. अमेरिकेतील निवृत्त धातुशास्त्रज्ञ मेनार्ड हिल, ज्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती, त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह बाल्साचे, इंधनासह पाच किलोंहून कमी वजनाचे विमान बांधले. 9 ऑगस्ट 2003 रोजी ते न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरहून निघाले आणि 38 तास 52 मिनिटांनी, सुमारे 3,030 किलोमीटर समुद्र ओलांडून आयर्लंडमधील क्लिफ्डनजवळ उतरले. 1919 साली अल्कॉक व ब्राउन यांनी न्यूफाउंडलंडहूनच निघून अटलांटिक प्रथमच न थांबता ओलांडला, तेव्हा त्यांचे व्हिकर्स विमी विमान याच क्लिफ्डनच्या दलदलीत उतरले होते, आणि ते होते द्विपंखी.

आपल्याकडे या छंदाची वाट अधिक चढणीची. 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. त्यात आयातीची बंधने, म्हणून बाल्सा, इंजिने, सर्व्हो हे सर्व दुर्मीळ. तरीही राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुविभागाने विमान-प्रतिकृतींचे शिक्षण आपल्या अभ्यासक्रमात ठेवले, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांतील कितीतरी छात्रांच्या हाती पहिली बाल्साची फळी पडली ती तेथे. 2021 च्या ड्रोन नियमावलीने 25 किलोंपर्यंतच्या, केवळ शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठी दृष्टीच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या विमानांचा स्वतंत्र वर्ग मानला व त्यांना नमुना-प्रमाणपत्रातून सूट दिली. ड्रोनच्या गदारोळात कायद्याने या जुन्या छंदाला वेगळे ओळखले, ही मला समाधानाची गोष्ट वाटते.

आज अर्थात संपूर्ण तयार विमान खोक्यात मिळते. फेसाच्या साच्यातून काढलेले, रंगविलेले टायगर मॉथ संध्याकाळी आणावे आणि सकाळी उडवावे. ज्यांना केवळ उडविण्यात रस आहे त्यांची यात सोयच झाली, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ओळंबा धरणे, तार आवळणे, पिळलेला पंख वाफेवर धरून सरळ करणे, हे जे ज्ञान 1930 नंतर कारखान्यांतून निघून गेले आणि केवळ घरगुती टेबलावर जिवंत राहिले, ते खोक्यातून येत नाही. आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघाने हुबेहूब प्रतिकृतींच्या प्रमुख स्पर्धा-वर्गात आजही एक अट कायम ठेवली आहे: विमान उडविणाऱ्यानेच ते बांधलेले असले पाहिजे, आणि तसे त्याने सहीनिशी लिहून दिले पाहिजे. परीक्षक विमान उडण्यापूर्वी त्याच्याभोवती फिरून मूळ आराखडे व छायाचित्रे यांच्याशी ताडून गुण देतात; खांबांची जाडी, कापडावरचे टाके, तारांच्या फिरक्या, सर्व काही पाहतात, आणि मगच ते विमान धावपट्टीवर नेण्याची मुभा मिळते.